शिवेपार गेलेले ड्रम

हळदपांगरीच्या गायरानात निळे ड्रम कुणी आणून टाकले, हे आजपर्यंत कुणालाच कळलेलं नाही. गावातली निम्मी माणसं सांगतात, पहाटे मोठ्या गाडीचा आवाज आम्ही या कानांनी ऐकला. उरलेली निम्मी सांगतात, आम्ही गाढ झोपेत होतो, आम्हाला काय मालूम. दोन्ही बाजूंना आपापल्या म्हणण्याचा भारी अभिमान आहे. खरं एवढंच, की दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी कडूबाई शेळ्या घेऊन माळावर गेली, तर बाभळीखाली अकरा ड्रम उभे. लग्नाच्या मांडवामागं पाण्याचे असतात ना, अगदी तसे, ओळीनं.

कडूबाईला आधी आनंदच झाला. निळ्या ड्रमाला नाही म्हणणारं घर त्या गावात शोधून सापडायचं नाही. ज्वारी भरा, पाणी भरा, शेजाऱ्याच्या लग्नाला उसना द्या, काहीही करा. पण एका ड्रमाचं बूड फुटलं होतं आणि त्यातून काकवीसारखं काहीतरी पिवळं, चिकट खाली उतरलं होतं. कडूबाई कोणता ड्रम चांगला ते बघत होती तेवढ्यात तिच्या एका शेळीनं त्या काकवीला तोंड लावलं. थोड्या वेळानं शेळीच्या तोंडाला फेस आला, तिनं पाय झाडले आणि आडवी झाली. मग कडूबाईनं जी बोंब ठोकली, ती तिच्या आधी गावात पोचली.

हळदपांगरीची सरपंच राजेश्री. बाईंची जागा सुटली म्हणून उभी राहिली आणि निवडून आली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. आसपासच्या गावांत सरपंचबाईंचा फोन त्यांचे नवरे उचलतात. राजेश्रीचा नवरा उद्धव येलदरीकडच्या शाळेवर मास्तर, शनिवारी यायचा आणि सोमवारी जायचा. त्यामुळं राजेश्रीचा फोन राजेश्रीलाच उचलावा लागायचा. सुरुवातीला ती पदर सावरून, उभी राहून बोलायची. आता ती एका हातानं भाकरी थापत तहसीलशी बोलायची.

तहसीलवाल्यांनी एक नंबर दिला, त्या नंबरानं दुसरा दिला, आणि दुपारपर्यंत प्रदूषणाच्या ऑफिसातून श्रद्धा मॅडम जीपनं हजर. वयानं राजेश्रीपेक्षाही लहान, पण तोंडाला असला जाड मास्क की बघूनच माणसं चार पावलं मागं सरली. मॅडमनी बाटलीत नमुना घेतला, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, बाभळीभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली आणि मग मास्क खाली करून म्हणाल्या, "ताई, हा घातक कचरा आहे. असा कचरा नुसता इकडून तिकडं न्यायचा म्हटलं तरी परवाना लागतो. आणि रीतसर परवान्याला महिना जातो."

"म्हैना? तवर काय गावानं नाक धरून बसायचं का?"

"म्हणून तर तातडीचा परवाना असतो. मी आत्ताच साहेबांना फोन करते. त्यांनी तोंडी हो म्हटलं की काम सुरू, कागद मागून येतो. पण एक लक्षात घ्या. तातडीचा असला तरी तो परवानाच आहे. कोणत्या गटातून उचलायचं, किती नग, कोणती गाडी, कुठं न्यायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्यात लिहिलंय तेवढंच करायचं. गाडी परवा सकाळी येईल, पुण्याकडून. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही. विनापरवाना हलवणं हाच गुन्हा आहे."

"न्हाई लावत जी. आमी काय येडे हाव का?" हे उपसरपंच बोलले. राजेश्रीचे चुलत सासरे. ती त्यांना मामंजी म्हणायची. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, आणि गावात कोणताही निर्णय झाला की तो आपणच घेतला असं वाटायला लावणारा आवाज. पंचनाम्यावर पंच म्हणून पहिली सही त्यांचीच पडली.

संध्याकाळी परवाना राजेश्रीच्या फोनवर आला. तिनं तो दोनदा वाचला. "मौजे हळदपांगरी, गायरान गट" इथपासून ते गाडीच्या नंबरापर्यंत. खाली, "संपर्क: सरपंच, श्रीमती राजेश्री." खरं सांगायचं तर तिला थोडं भारी वाटलं. मेलेल्या शेळीचं वाईटही वाटलं, पण भारीही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पूर्णेला सरपंचांची मीटिंग होती. मीटिंगीत घरकुलावर बोलणं झालं, चहा झाला, परत घरकुलावर बोलणं झालं. परतीची बस ताडकळसला थांबली, तर बाजाराचा दिवस. भाजी घ्यावी म्हणून राजेश्री उतरली आणि वांगी निवडत होती तेवढ्यात मागून आवाज आला.

"आक्के, तुमच्या गावानं आहेर पाठवला बरं का. लय मोठा. पोचला."

तिचा धाकटा भाऊ जीवन. राजेश्रीचं माहेर मोहगव्हाण, म्हणजे हळदपांगरीला लागूनच. दोन्ही गावांच्या मध्ये ओढा आणि ओढ्याच्या काठावर शेंदूर फासलेला शिवेचा दगड. सासर-माहेर इतकं जवळ की इकडं फोडणी दिली की तिकडं ठसका लागतो, असं तिची सासू म्हणायची.

"कसला आहेर रे?"

"निळे ड्रम. अकरा. हळदीकुंकू लावून, हलगी वाजवत आणून सोडलेत आमच्या शिवारात. आईच्या विहिरीच्या वरच्या अंगाला." जीवन हसत होता, पण हसण्यात हसू नव्हतं. "नारळ बी फोडला म्हनं. नारळ मातर घेऊन गेले."

राजेश्रीच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. वांगीवाली म्हणाली, "घ्यायचंय का नुसतं धरून उभं ऱ्हायचंय?"

आता झालं काय होतं, ते नीट सांगायला पाहिजे. पूर्वी गावात पटकी-देवीची साथ आली की त्या भागात मरीमायचा गाडा काढायचे. लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, बांगड्या, नारळ. हलगी वाजवत तो गाडा शिवेपर्यंत न्यायचा, शिवेपलीकडं ढकलायचा आणि मागं वळून न बघता घरी यायचं. पुढचं गाव तो पुढच्या शिवेवर नेणार, त्यापुढचं त्यापुढच्या. रोग असा गावोगावी पाहुणचार घेत कुठंतरी निघून जायचा. मामंजींनी लहानपणी हा गाडा आपल्या हातांनी ढकलला होता. साथी गेल्या, दवाखाने आले, गाडा देवळाच्या मागं कुजून गेला. पण डोक्यातला गाडा काही कुजला नव्हता.

त्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. पारावर कुणीतरी म्हणालं, पाऊस पडला तर ते पिवळं ओढ्यात उतरणार. दुसरं कुणी म्हणालं, सरपंचबाई तर पूर्णेला. आणि मामंजी म्हणाले, "मंग बघत काय बसलाव? शिवेपार करा." एवढंच. कुणाला हे चूक आहे असं वाटलंच नाही. गल्लीतल्या बालाजीनं आपला ट्रॅक्टर काढला, चार-सहा जणांनी तोंडाला रुमाल बांधले, बायकांनी ड्रमांना हळदकुंकू लावलं. घाण तर घाण, पण पाठवणी रीतीनं झाली पाहिजे. पलीकडं ट्रॉली वळवायला सपाट जागा होती ती नेमकी राजेश्रीच्या आईच्या, सुमनबाईच्या विहिरीच्या वर. तिथं उतरवलं. येताना कुणीही मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर अजून एका ड्रमाला चीर गेलेली दिसली असती.

राजेश्री गावात पोचली तेव्हा मामंजी पारावर तंबाखू मळत होते.

"मामंजी, ह्ये काय केलंत?"

"काय केलं? गाव मोकळं केलं."

"मॅडमनी सांगितलं व्हतं ना, हात लावायचा न्हाई म्हनून! तुमी सही केलीत त्या कागदावर!"

"सही म्या ड्रम हायेत म्हनून केली व्हती. ऱ्हातेत म्हनून न्हाई."

पारावर हशा झाला. राजेश्रीनं पदर सावरला. "आन मोहगव्हाणच्या लोकांनी काय करावं?"

"पुढं ढकलावं. त्येंच्या पुढं बी शिव हाय की."

"आन त्येच्या पुढं?"

"सूनबाई, दुनिया लय मोठी हाय," मामंजी म्हणाले आणि तंबाखू ओठात ठेवली, म्हणजे बोलणं संपलं.

बालाजी मात्र हसत नव्हता. दोन्ही तळहात पुढं धरून बसला होता, जणू कुणी त्यावर गरम भजी ठेवणार आहे. हात लाल झाले होते आणि बोटांच्या मधे फोड उठायला लागले होते. "वैनी, आग आग व्हायलीय," तो म्हणाला. राजेश्रीनं त्याला ताडकळसच्या दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः ओढा ओलांडून माहेरी गेली.

सुमनबाई विहिरीच्या काठावर बसली होती. वर उतारावर ड्रम उभे, कपाळाला कुंकू लावून. खाली विहीर, मोहगव्हाणच्या अख्ख्या खालच्या वस्तीला पाणी पाजणारी. मधे नांगरलेलं रान, आणि त्यात एक पिवळा ओघळ. विहिरीपर्यंत पोचला नव्हता. पण निघाला होता.

"ये बाई," सुमनबाई म्हणाली. "सरपंच झालीस, माहेराला काय दिलंस म्हनून लोक इचारत व्हते. आता सांगता यील."

"आई, मला ठावूक नव्हतं गं."

"तुला ठावूक नव्हतं, तुज्या सासरच्याला ठावूक नव्हतं, ड्रमाला बी ठावूक नव्हतं. इहिरीला मातर कळंल."

जीवन आणि वस्तीतली पोरं ट्रॅक्टर जुंपून तयारच होती. उद्या दिवस उगवला की ड्रम परत हळदपांगरीच्या पारावर, मामंजींच्या मांडीवर, असा त्यांचा बेत होता. राजेश्रीनं हातापाया पडून त्यांना थांबवलं. "उद्या सकाळी गाडी येनार हाय. परवाना हाय माज्याकडं. गाडीला इकडंच बोलवते. दुपारपत्तर थांबा, मंग काय करायचं ते करा."

तिला खरंच वाटलं, की एवढं सोपं असेल.

गाडी सकाळी आली. मोठी, बंद डब्याची, अंगावर कवटीचं चित्र. ड्रायव्हर सिताराम, मागं पांढऱ्या सूटमधली चार माणसं. हळदपांगरीची सगळी पोरं गाडीमागं पळत गायरानात आली. बाभळीभोवती लाल-पांढरी पट्टी नीट बांधलेली होती. आत काहीच नव्हतं.

सितारामनं पट्टीकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, परत पट्टीकडं बघितलं. "माल कुठाय?"

"ओढ्यापलीकडं हाय भाऊ. हे काय, इथून दिसतेत. पाचच मिनिटं."

"पलीकडं कोणतं गाव?"

"मोहगव्हाण."

सितारामनं कागद घडी करून खिशात ठेवला. "बाई, माझ्या कागदावर हळदपांगरी लिहिलंय. मोहगव्हाणचा माल मी उचलला आणि रस्त्यात कुणी अडवलं, तर मीच तो चोरून टाकायला निघालोय असं होईल. हे ड्रम तुमच्याकडं टाकून गेला ना कुणीतरी? त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढ्या कागदाचाच आहे."

"मंग आता?"

"परवाना आज संध्याकाळपर्यंत आहे. माल कागदावरच्या जागी आला तर उचलतो. नाही तर मी रिकामा परत." आणि तो गाडीच्या सावलीत बसून डबा उघडायला लागला. पोळी आणि वांग्याची भाजी होती. माणूस वाईट नव्हता, पण घाईतही नव्हता.

बातमी ओढा ओलांडून गेली आणि थोड्याच वेळात दोन्ही गावं शिवेच्या दगडापाशी जमली. भांडण होणार असंच सगळ्यांना वाटलं होतं, म्हणून गर्दीही तशीच झाली होती. पण झालं उलटंच. मामंजी म्हणाले, "मंग आना की परत. ट्रॉली हाय, मान्सं हायेत. बाभळीखाली ठिवतो, गाडीत चढवतो, मामला खतम." जीवन म्हणाला, "आमी तर कालपासून त्येच म्हनायलोत!" दोन्ही गावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं कुणाच्याही आठवणीत नव्हतं. कुणीतरी तर म्हणालंसुद्धा की ड्रमांमुळं एकी झाली.

फक्त राजेश्री त्यात नव्हती. ती बालाजीकडं बघत होती. त्याच्या दोन्ही हातांना पांढरं बँडेज, हात छातीशी धरलेले. पाणी प्यायचं तरी बायकोनं ग्लास तोंडाला लावावा लागत होता.

"आता दोन फुटलेले हायेत," ती म्हणाली. "उचलताना तिसरा फुटला मंजे? ओढ्यातून ट्रॉली आनताना कलंडली मंजे? ओढ्याचं पानी कुठं जातं? इहिरीतच ना?"

"हळू आनू."

"काल बी हळूच नेलं व्हतं."

"मंग तू काय करनार हायेस?" मामंजींनी विचारलं. आवाज मऊ होता, आणि मामंजींचा आवाज मऊ झाला की लोक सावध व्हायचे.

"मॅडमला फोन करते. ड्रम हाये तिथं हायेत म्हनून सांगते. नवा परवाना मागते, मोहगव्हाणचा."

"आन ते पलीकडं गेले कसे, ते बी सांगशील?"

राजेश्रीनं फोन हातात घेतला. हलवणं हाच गुन्हा, हे श्रद्धा मॅडमचं वाक्य आता सगळ्यांनाच आठवलं.

तेवढ्यात सुमनबाई पुढं आली. लेकीला दंडाला धरून बाजूला घेतलं. "राजे, नगं करू फोन."

"आई, तुजी इहीर हाय ती!"

"इहीर माजी हाय, पर नांदायचं तुला हाय. इहिरीचं पानी खराब झालं तर दुसरीकडून आनीन. भाऊबंदकीत फाटलं तर तुला कुठून आनून दिऊ? नेऊ दे त्येन्ला. देवाचं नाव घेऊन नेतील."

आभाळ परत दाटून आलं होतं. थेंब अजून नव्हता, पण वाऱ्याला ओला वास होता. उतारावरचे ड्रम तसेच उभे होते, आणि पिवळा ओघळ कालच्यापेक्षा पुढं सरकला होता. किती ते राजेश्रीनं मोजलं नाही. डोळ्यांना दिसत होतं.

तिनं फोन लावला. सगळ्यांसमोर, स्पीकर न लावता, पण वाऱ्यामुळं मोठ्यानं बोलावंच लागलं.

"मॅडम, मी हळदपांगरीची सरपंच. ड्रम मोहगव्हाणच्या शिवारात हायेत. विहिरीच्या वर. ... व्हय, हलवले. ... काल. ... न्हाई, आता कुणी हात लावनार न्हाई, मी उभी हाय हितं. मला नवा परवाना पाहिजे."

पलीकडं मॅडम बराच वेळ बोलत होत्या. राजेश्री नुसतं "हां, हां" करत होती. मग म्हणाली, "हळदपांगरीच्या लोकांनी."

मॅडमनी काहीतरी विचारलं.

"लोकांना नोटीस निघत न्हाई? मंग माजं नाव लिवा. सरपंच मी हाय."

परत मॅडम बोलल्या. आता त्यांचा आवाज जवळच्यांनाही ऐकू आला. "तुम्ही तिथं होतात का, ताई?"

"न्हाई. मी पूर्णेला मीटिंगीत व्हते."

"मग तुमचं नाव लिहिलं तर अर्जच खोटा होतो. खोट्या अर्जावर मी परवाना मागणार नाही. ज्यानं हलवायला सांगितलं त्याचं नाव लागेल. लवकर सांगा, साहेब दुसऱ्या फोनवर थांबलेत."

हळदपांगरीत सून सासऱ्याचं नाव घेत नाही, चुलत सासऱ्याचंही नाही. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, कुठं नाव सांगायची वेळ आली तर सोबतच्या पोराला पुढं करतात, नाही तर आधार कार्ड दाखवतात. राजेश्रीनं ग्रामपंचायतीच्या मीटिंगांतसुद्धा वर्षभर "उपसरपंच" म्हणूनच निभावलं होतं. आणि इथं तर मामंजी समोर उभे होते, हाताच्या अंतरावर, मिशीवरून बोट फिरवत.

तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग फोनमध्ये म्हणाली, "चंद्रभान लिंबाजी दुधाटे."

शिवेवर कुणीतरी "अगं माय!" म्हणालं. कडूबाईनं तोंडावर पदर धरला. हसायला का धक्क्यानं, ते तिलाच माहीत.

"ट्रॅक्टर कोणाचा होता?" मॅडमनी विचारलं.

राजेश्री काही बोलायच्या आत मामंजींनी हात पुढं केला. "आन तो फोन." तिनं दिला. मामंजींनी तो तोंडापासून लांब धरला आणि ओरडले, "ट्रॅक्टर म्याच बलावला व्हता. त्येच्यात दुसऱ्या कुणाचं नाव घालू नका. घातलं तर म्या न्हाई म्हनून सांगीन!" फोन परत दिला, धोतराचा सोगा खोचला आणि गर्दीतून वाट काढत गावाकडं निघून गेले. वाट काढावी लागली नाही खरं तर. लोक आपोआप बाजूला झाले.

सितारामचा डबा धुऊन झाला, थोडी डुलकी झाली, तेव्हा त्याच्या फोनवर नवा परवाना आला. "मौजे मोहगव्हाण." त्यानं तो मन लावून वाचला, गाडी सुरू केली आणि लांबच्या पुलावरून वळसा घालून पलीकडं नेली. पांढऱ्या सूटवाल्यांनी फुटके ड्रम आधी मोठ्या पिंपांत बसवले, पिवळी झालेली माती खरवडून पोत्यांत भरली, उताराला आडवा चर मारला. एकानं सितारामला विचारलं, "ह्याच्यावर कुंकू लावलंय, पुसायचं का?"

"कागदात काही लिहिलंय का कुंकवाबद्दल?"

"नाही."

"मग राहू दे."

असे ते अकरा ड्रम कुंकवासकट पुण्याकडं गेले. पाऊस आला तो गाडी गेल्यावर, आणि तोही असा तसाच.

तरी मॅडमनी विहिरीवर जाळी टाकली आणि पाण्याचा नमुना नेला. रिपोर्ट येईपर्यंत वापर बंद. तेव्हा हळदपांगरीच्या ग्रामपंचायतीनं मोहगव्हाणच्या खालच्या वस्तीला रोज पाण्याची टाकी पोचवायची, असा ठराव राजेश्रीनं मांडला. ठरावाच्या बाजूनं ज्यांनी हात वर केले त्यांनीही तिच्याकडं न बघता केले. बालाजीचे हात बरे होईपर्यंत त्याचा भाऊ टाकी घेऊन जायचा, नंतर बालाजी स्वतः. सुमनबाई रोज टाकीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायची आणि काहीतरी नाव ठेवायचीच. "तुमच्या गावचं पानी फिकं लागतंय. मानसासारखंच."

सासरी काय झालं म्हणाल, तर फार काही झालं नाही. ओरडलं कुणी नाही, काढलं कुणी नाही. संक्रांतीला वाणाची बोलावणी शेजारच्या घराला आली आणि राजेश्रीचं दार ओलांडून पुढच्या घराला गेली. मामंजी मीटिंगीत तिच्याशी बोलायचे, पण ग्रामसेवकामार्फत. ती समोर बसलेली असायची आणि ते म्हणायचे, "सरपंचबाईला इचारा, नळाचं काय झालं." ग्रामसेवक बिचारा मान इकडून तिकडं फिरवायचा. उद्धवनं शनिवारी येऊन दोघांच्या मधे पडून बघितलं. त्याला चुलत्यांनी सांगितलं, "तुजी बायको आता सरकारी झाली." राजेश्री यावर रडली का? एकदा रडली, चुलीसमोर, धुराचं निमित्त करून. मग नळाचं काय झालं ते लिहून ग्रामसेवकाकडं दिलं.

विहिरीचा पहिला रिपोर्ट चांगला आला. मॅडमनी दुसरा होऊ दे म्हटलं. दुसराही चांगला आला. जाळी निघाली त्या दिवशी सुमनबाईनं लेकीला फोन केला. "प्यायले बरं का. गोड हाय." आणि लेक काही बोलायच्या आत फोन ठेवला, कारण बालाजी टाकी घेऊन आला होता आणि त्याला आता येऊ नको म्हणून सांगायचं होतं.

सुनावणीची तारीख त्यानंतर लागली. परभणीला, प्रदूषणाच्या ऑफिसात. नोटीस दोघांच्या नावानं: हलवणारा म्हणून मामंजी, आणि रोखलं नाही म्हणून सरपंच. एकाच बसमध्ये मामंजी पुढच्या बाजूला बसले, राजेश्री मागं. स्टँडवर उतरल्यावर ऑफिस कुठं आहे ते मामंजींना माहीत नव्हतं आणि तिला विचारायचंही नव्हतं, म्हणून ते दहा पावलं मागं ठेवून तिच्या मागोमाग चालत राहिले. ती कोपऱ्यावर थांबली की तेही थांबायचे आणि एखाद्या दुकानाची पाटी वाचायचे.

ऑफिसच्या व्हरांड्यात एकच बाकडं होतं. मामंजी त्यावर बसले. राजेश्री भिंतीशी उभी राहिली, हातात फाईल. आत कुणाचं तरी काम चाललं होतं, ते संपेना. शिपाई चहा घेऊन आत गेला आणि रिकामा ट्रे घेऊन बाहेर आला. मामंजींनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग भिंतीवरच्या घातक कचऱ्याच्या चित्राकडं बघत म्हणाले,

"बस. हुबं ऱ्हाऊन काय नोटीस मिटायलीय व्हय?"

ग्रामसेवक काही आसपास नव्हता. म्हणजे ते तिलाच म्हणाले होते.

राजेश्री बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, फाईल मधे ठेवून. सासऱ्यांच्या शेजारी सून बसलेली गावात कुणी बघितली असती तर दोन दिवसांचं बोलणं झालं असतं. पण इथं बघायला फक्त शिपाई होता, आणि त्याला दोघंही सारखेच होते.

"काय इचारतेत आत?" मामंजींनी थोड्या वेळानं विचारलं.

"का हलवले म्हनून इचारतील."

"मंग काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

"मरीमायचं बी?"

"ते बी."

मामंजींनी मिशीवरून बोट फिरवलं. "लिवून घेतील का ते?"

राजेश्री उत्तर देणार तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायानं कागदावर बघत आवाज दिला, "हळदपांगरी कोण आहे?"

दोघंही उठले.